अंगणातली होडी

आमच्या अंगणात एकेकाळी होडी होती असं सांगितलं, की लोक आधी माझ्या पिकल्या केसांकडं बघतात आणि मग गालातल्या गालात हसतात. नळदुर्गला होडी? म्हातारीला भ्रम झाला. हसा बापडे. समुद्र आमच्यापासून इतका लांब की गल्लीतल्या निम्म्या बायकांना तो खारट असतो हेच खरं वाटायचं नाही. शेजारची काशव्वा म्हणायची, "मीठ काय उतू चाललंय व्हय, एवढ्या पाण्यात घालायला?" तरीपण होडी होती. सोळा फूट लांब, पांढऱ्या रंगाची, पुढच्या अंगाला दोन माणसं निजतील एवढी खोली आणि त्या खोलीला पितळी कडीची गोल खिडकी. शेवग्याच्या झाडाखाली, दोन लाकडी ओंडक्यांवर ती जवळजवळ दोन महिने उभी होती. ती मीच पसंत केली होती, आणि ती बुडाली तीही माझ्यामुळंच. हे दुसरं वाक्य मी आजवर कुणाला बोलले नाही. आता बोलते, कारण ज्यांच्यापुढं मान खाली घालावी लागली असती ती माणसं एकेक करून गेली.

आमचं सुपारीचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. अप्पा, म्हणजे माझे वडील, घाटाखालून समुद्राकाठच्या पेठांतून सुपारी आणायचे आणि लोहारा, उमरग्यापर्यंत पुरवायचे. घरात सकाळ व्हायची ती अडकित्त्यांच्या आवाजानं. ओसरीवर सात-आठ बाया बसून सुपारी कातरायच्या, कट कट कट, आणि त्यावर त्यांच्या गप्पा, अर्ध्या मराठीत, अर्ध्या कानडीत. घरभर सुपारीच्या पोत्यांचा तुरट, दमट वास. आमच्या कपड्यांना, भाकरीला, माझ्या केसांनासुद्धा तो वास होता. अव्वा, माझी आई, चुलीपुढं बसून ज्वारीच्या भाकरी थापायची. पातळ, कडक, वाळवून ठेवलेल्या, आठ दिवस टिकणाऱ्या. त्यावर शेंगांची चटणी आणि करडईचं तेल. अव्वा फार बोलायची नाही. तिचं सगळं बोलणं ताटात असायचं. राग असला की चटणी जास्त तिखट आणि मनात काही लपवायचं असलं की ताटात काहीतरी गोड. हे मला फार उशिरा कळलं.

आणि अण्णा. माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. तो सोलापूरला शिकायला होता. सोलापूर म्हणजे इंग्रजांचा मुलूख, आमचा निजामाचा. मधे करोडगिरीचा नाका, तिथं जकात भरल्याशिवाय सूपसुद्धा इकडचं तिकडं जायचं नाही. अण्णा सुटीत यायचा तेव्हा आपली जुनी पुस्तकं पोत्यात घालून माझ्यासाठी आणायचा. गावात मुलींची शाळा नव्हती. माळ्यावर सुपारीच्या पोत्यांवर बसवून त्यानं मला बाळबोध अक्षरं शिकवली, मग बेरजा, मग थोडं इंग्रजीसुद्धा. घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. पोर माळ्यावर भावाजवळ खेळतीय, एवढंच. माझा जगात कुणावर विश्वास होता तर तो अण्णावर. अप्पांची भीती वाटायची, अव्वाची माया वाटायची, पण विश्वास अण्णावर.

त्या संक्रांतीला अण्णा आला तो एक जाड, गुळगुळीत कागदाचं पुस्तक घेऊन. मुंबईच्या कुठल्याशा होड्या बांधणाऱ्यांचं, आत नुसती चित्रं आणि इंग्रजीत माहिती. अव्वानं तीळ भाजायला घेतले होते, तो वास वरपर्यंत येत होता. अण्णा म्हणाला, "गंगे, अप्पा होडी घेणारायत. तू सांग कुठली घ्यायची." मला आधी चेष्टाच वाटली. "आपल्याला? कशाला?" "फिरायला. किल्ल्याच्या बंधाऱ्यामागं एवढं पाणी आहे. सकाळी निघायचं, शिदोरी न्यायची, सांजच्याला परत. एखाद्या वेळी राहायचंसुद्धा." "आणि मी?" "तू तर बसणारच की त्यात." असं म्हणून तो हसला. ते हसणं मी आज साठ-पासष्ट वर्षं उलटसुलट करून बघते आहे.

पुढचे आठ-दहा दिवस घरात दुसरा विषय नाही. होडी कशी निवडायची हे आमच्यात कुणाला ठाऊक? अप्पा बैल निवडल्यासारखी होडी निवडायला बसले. "वशिंड न्हाय, दात न्हाय, हिची परीक्षा करायची तरी कुठनं?" एका चित्रात इंजिनाची होडी होती, ती त्यांनी पहिल्या फटक्यात बाद केली. "हिला रोज तेल कोण पाजणार?" दुसरी लांबडी, अरुंद, नुसती वल्ह्यांची, ती बघून अव्वा म्हणाली, "यात शिदोरीची टोपली कुठं ठेवायची? मांडीवर?" अव्वाचं सगळं लक्ष सावलीवर आणि चुलीवर. ऊन लागलं तर आडोसा काय, पाणी प्यायचा तांब्या लवंडणार तर नाही, स्टोव्ह पेटवला तर वारा कुठून येईल. तिसरी सपाट तळाची, दोन बाकांची, साधी. आणि चौथी ती खोलीवाली. शीड, डोलकाठी, सुकाणू, खाली खोल गेलेला कणा आणि पुढं ती गोल खिडकी. मी त्या खिडकीवर बोट ठेवलं ते उचललंच नाही. त्या खिडकीतून किल्ला कसा दिसेल, एवढंच माझ्या डोक्यात.

पण मी काही अगदीच खुळी नव्हते. मी इमामचाचाला विचारायला गेले. इमामचाचा बंधाऱ्यामागच्या पाण्यात मासे धरायचा आणि पलीकडच्या शेतांवर जाणाऱ्या माणसांना भोपळ्यांच्या सांगडीवरून पार करायचा. वाळलेले मोठे भोपळे एकत्र बांधून वर बाज टाकलेली ती सांगड. तिच्यावर बसायची मला बंदी होती आणि म्हणून मी तिच्यावर सतरा वेळा बसले होते. दाढी मेंदीनं लाल, पाय पाण्यात राहून पांढरेफटक. त्यानं पुस्तक हातात धरलं, उलटं धरलं, मी सुलटं करून दिलं. सपाट तळाच्या होडीवर त्यानं बोट ठेवलं. "ये ले, बेटी. हितं पाण्यात जुन्या पायऱ्या हायती, दगडं हायती. सपाट होडी वरनं जाती. आन् काठ बी बुटका हाय. पाण्यात पडलेल्या माणसाला परत वर चढता आलं पायजे, पयलं ते बघायचं. बाकी समदं नंतर." मग मी चौथी दाखवली. त्यानं डोळे बारीक केले. "ही? ही समिंदराची हाय. एवढा खोल कणा हितं कशाला? आन् रातच्याला निजायची खोली? तुमचं घर तर अर्ध्या कोसावर हाय." मी म्हटलं, "चाचा, आमी राहणार हाव कधी कधी." तो म्हणाला, "ऱ्हावा की बाबा. सावकाराचं घर. ऱ्हावा."

घरी येऊन मी प्रामाणिकपणानं सांगितलं, चाचा सपाट तळाची म्हणतो. अप्पांनी आणि अण्णानं एकमेकांकडं बघितलं. अप्पा म्हणाले, "न्हाय. कण्याचीच घ्यायची. खोलीवालीच." मग माझ्याकडं वळून, कधी नव्हे ते मऊ आवाजात, "तुला ती आवडली न्हवं गंगव्वा? मग झालं तर." अप्पांनी माझी आवड विचारली! त्या दिवशी अव्वानं हुग्गी केली, गव्हाची, गूळ आणि खोबरं घातलेली, आणि मला दोनदा वाढली. मी खाल्ली. मूर्खासारखी पोटभर खाल्ली.

होडी आली ती फाल्गुन संपताना. मुंबईहून सोलापूरपर्यंत मालगाडीनं आणि पुढं दोन बैलगाड्या एकामागं एक बांधून, त्यावर आडवी. करोडगिरीच्या नाक्यावर ती अर्धा दिवस अडकली, कारण मुन्शीच्या यादीत होडी नव्हतीच. कापड होतं, तंबाखू होता, काड्याची पेटी होती. गाडीवान पुढं कित्येक वर्षं ही गोष्ट रंगवून सांगायचा. मुन्शी म्हणे होडीभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाला, "नळदुर्ग में दर्या कब आया? हमकू किसीने बोल्याच नै!" शेवटी त्यानं तिला लाकडी सामानात घातलं आणि खोलीचं कुलूप उघडायला लावून आत अफू तर नाही ना, हे बघितलं. गावात गाड्या शिरल्या तेव्हा पोरं मागं धावत होती. अव्वानं पंचारती घेऊन होडीला ओवाळलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. नव्या म्हशीला करतात तसंच सगळं.

मला वाटलं, आता सरळ पाण्यात. पण अप्पा म्हणाले, "अजून वेळ हाय. अंगणात राहू दे. भावकी बघून जाऊ दे." मला तेही चुकीचं वाटलं नाही. आमच्यात कुठलीही मोठी वस्तू आली की ती आधी दारात मांडून, हळदकुंकू वाहून चार लोकांना दाखवायची पद्धतच. इमामचाचाला बोलावलं होतं, तो होडीच्या फळ्यांवरून हात फिरवत म्हणाला, "मालक, आपलं ऊन लई वाईट. लाकूड वाळलं की फळ्या आकसत्यात आन् सांधं उघडं पडत्यात. पाण्यात ठिवत न्हाय तर रोज भिजवा. वर पोती टाका, सकाळ-सांज पाणी मारा." अप्पांनी त्याला आठवड्यातून एकदा येऊन होडी बघून जायला सांगितलं, आणि पाणी मारायचं काम मी आपणहून मागून घेतलं.

काय सांगू ते दिवस! पहाटे उठून आडावर जायचं, घागर भरायची, सुपारीची रिकामी पोती होडीवर पसरलेली असायची त्यावर ओतायची. ओल्या पोत्यांचा तो तुरट वास उठायचा आणि खालून पाणी ठिबकायचं, टप टप टप, आणि आतल्या खोलीत बसलं की तो आवाज चहूबाजूंनी यायचा. दुपारी मी त्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचे. गार असायचं आत. गोल खिडकीतून शेवग्याची फुलं दिसायची. मी अख्खा प्रवास करून यायचे तिथल्या तिथं. कधी किल्ल्याला वळसा, कधी सोलापूर, कधी कुठंच नाही. माझ्या आयुष्यात मला स्वतःची अशी खोली फक्त तेव्हा मिळाली होती. पुढं नोकरी केली, घर बांधलं, पण तसली खोली काही मिळाली नाही.

चैत्रात एक दिवस भांड्यांवर नाव घालणारा माणूस आला. छिन्नी-हातोडीनं ठिपके ठिपके पाडून अक्षरं काढणारा. लग्नाच्या, वास्तूच्या भांड्यांवर तो नावं घालायचा. त्यानं दोन घंगाळं, एक हंडा, ताटं केली आणि मग अप्पांनी दिलेली एक पितळी पट्टी घेऊन बसला. संध्याकाळी ती पट्टी होडीच्या पुढच्या अंगाला ठोकली. ओसरीवरच्या बाया येऊन हात लावून गेल्या. त्यांना काय, त्या ठिपक्यांचं कौतुक. अव्वाला वाचता येत नव्हतं. अप्पा हिशेबापुरती मोडी लिहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागर घेऊन गेले आणि वाचलं. चि. रेवणसिद्धप्पा यांस चि. सौ. कां. गंगा हिच्या विवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट.

एवढे दिवस घरातला एकूणएक माणूस तोंड शिवून बसला होता, दारापाशी मी आले की बोलणं बदलत होता, आणि त्या अक्कलवंतांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही की पोरीला वाचता येतं. ज्यानं शिकवलं त्याच्यासुद्धा नाही!

रेवणसिद्धप्पा हे नाव मला माहीत होतं. घाटाखालचे, आमच्या सुपारीचे व्यापारी. दोन वर्षांपूर्वी येऊन जेवून गेले होते. तिशीचे, मिशीवाले, पहिली बायको वारलेली. मी त्यांना ताक वाढलं होतं. मी आता कुठं तेरा-चौदाची. घागर तिथंच ठेवून मी माळ्यावर गेले. अण्णा परीक्षा संपवून आला होता, पालथा पडून वाचत होता. मी म्हटलं, "होडी कुणाची हाय?" तो उठून बसला. तोंड बघण्यासारखं झालं. "गंगे, ऐक..." "कुणाची हाय, ते सांग." मग बोलला. पाहुण्यांना घड्याळ नको होतं, फटफटी नको होती. त्यांना समुद्रात फिरायचा नाद. रविवारी होडी काढायची, खाडीत जायचं, एखादी रात्र तिथंच काढायची. होडी द्या म्हणाले. माणूस चांगला आहे, घर मोठं आहे. वैशाखात साखरपुडा, मग लग्न. "आन् मला इचारलंस ते? कुठली आवडली म्हणून?" अण्णा खाली बघत म्हणाला, "अप्पा म्हणाले, तिलाच बसायचंय, तिच्या पसंतीनं घेऊ. मला वाटलं तेवढं तरी तुझ्या मनासारखं व्हावं." 

म्हणजे मला माझ्याच दोरखंडाचा रंग निवडायला लावला होता, आणि वर ही माया! मला रडू आलं नाही. अंगाचा नुसता जाळ झाला. मी म्हटलं, "आजपासून मी तुझी कुणी न्हाय." तो म्हणाला, "असं नको बोलू गं." मी खाली गेले. अव्वा चुलीपाशी होती. तिनं माझं तोंड बघितलं, सगळं समजली, आणि उठून डब्यातला लाडू काढून पुढं केला. मी तो घेतला नाही. तिचा हात तसाच राहिला. तिलाही तिच्या लग्नाचं असंच कळलं असणार, हे आज सुचतं. तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी माफ केलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून मी घागर भरून आणायचे आणि पोत्यांवर न ओतता शेवग्याच्या बुंध्यात ओतायचे. सकाळ-संध्याकाळ. मला नेमकं काय करायचं होतं? खरं सांगते, मला ठाऊक नव्हतं. त्यांची वस्तू मी का जपू, एवढाच हट्ट. चैत्र-वैशाखाचं आमच्याकडचं ऊन. तिसऱ्या दिवशी पोती कडक झाली. मी खोलीत बसणंही सोडलं होतं. शेवगा मात्र असा फोफावला की अव्वा रोज शेंगा काढायची, रोज शेंगांची आमटी. "औंदा झाडाला काय झालंय कुणास ठाऊक," ती म्हणायची, आणि मी मान खाली घालून शेंग चोखायचे.

इमामचाचा तापानं पडला होता म्हणून दोन-तीन आठवडे आला नव्हता. आला तेव्हा साखरपुडा दोन दिवसांवर. अंगणात मांडव पडला होता, होडीवर जरीचं कापड घालून झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. त्यानं कापडाखाली हात घातला. फळीच्या सांध्यावरून बोट फिरवलं. मग वाकून खालून बघितलं. मी शेजारीच उभी होते, मलाही त्या फटीतून पलीकडचा उजेड दिसला. तो माझ्याकडं बघून हळू म्हणाला, "बेटी, पानी?" मी म्हटलं, "घालते की रोज." त्यानं शेवग्याच्या बुंध्याकडं बघितलं. तिथं चिखल होता, ताजा. मग अप्पांकडं जाऊन म्हणाला, "मालक, होडी आजच पाण्यात सोडा. दोन दिस भिजू द्या. फळ्या फुगल्या की मग बसा." अप्पा मांडवाच्या गडबडीत. "येडा का काय तू? मुहूर्त परवा सकाळचा. पूजेआधी पाण्यात कशी घालायची?" चाचानं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा अप्पांनी हात जोडले, म्हणजे जा आता.

त्या सकाळी सगळं गाव काठावर. आमच्या मठाच्या स्वामींनी विभूती लावली, बेल वाहिला, नारळ फोडला. होडी पाण्यात उतरवली. रेवणसिद्धप्पा जरीचा रुमाल बांधून मोठ्या ऐटीत उभे. इमामचाचा पुढं होऊन त्यांनाही म्हणाला, "साहेब, आजचा दिस तिला भिजू द्या." ते हसले. "मुंबईची नवी बांधणी आहे, म्हाताऱ्या. तुझे भोपळे नव्हेत." सगळे हसले. ते बसले, आणि जावयाबरोबर मेव्हण्यानं बसायचं म्हणून अण्णा बसला. मी बायकांमधे, नव्या साडीत, मुंडावळ्या तेवढ्या राहिलेल्या. अण्णाला पोहता येत नव्हतं. हे मला माहीत होतं. आणि तो त्यात बसेल हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

होडी काठापासून चांगली लांब गेली आणि थांबल्यासारखी झाली. आधी लोकांना वाटलं, मौज करतायत. मग रेवणसिद्धप्पा वाकून ओंजळीनं पाणी काढायला लागले. मग ती एका अंगाला कलली, माळा पाण्यावर पसरल्या आणि ती गोल खिडकी पाण्याखाली गेली. रेवणसिद्धप्पा पोहायला लागले. अण्णाचं डोकं एकदा वर आलं, गेलं. मी ओरडले, "अण्णा! अण्णा!" मी कशी ओरडले ते मला आठवतं, कारण तो आवाज माझा वाटलाच नाही. इमामचाचा तापातून उठलेला माणूस. त्यानं सांगड ढकलली, पोटावर पडून हातानं पाणी मारत गेला आणि अण्णाला केसाला धरून वर ओढला. काठावर आणून पालथा घातला. अण्णाच्या तोंडातून पाणी आलं, मग तो रडला. मी त्याच्या पायापाशी बसले होते. त्यानं माझा हात धरला, आणि मी तो सोडवून घेतला.

दुपारी बैल लावून होडी बाहेर काढली. पाहुण्यांचा काका समुद्राकाठचा, त्यानं एका नजरेत ओळखलं. "हिला पाणीच दिलेलं नाही. वाळून चाळण झालीय. साखरपुड्याला बुडती होडी देता, सावकार? पोराचा जीव घ्यायला बोलावलं होतं?" अप्पांचा चेहरा काळाठिक्कर. एवढ्या लोकांत त्यांनी मला पुढं बोलावलं. "गंगव्वा, रोज पाणी घालत होतीस?" मी म्हटलं, "व्हय अप्पा." माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. मग अप्पा इमामचाचाकडं वळले. तो ओल्या कपड्यांनी उभा होता, थंडी वाजत होती त्याला त्या उन्हात. "तू सांग. पोर पाणी घालत होती का न्हाय?"

चाचानं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाला, "घालत होती, मालक. माज्या डोळ्यानं बघितलंय."

"मग होडी वाळली कशी? तुला राखायला सांगितलं होतं न्हवं? तू काय बघितलंस?"

"माजी नजर चुकली."

दोन दिवस भिजवा म्हणून आपण घसा कोरडा केला होता, हे त्यानं सांगितलं नाही. ज्यांनी ते ऐकलं होतं त्यांनीही सांगितलं नाही. कुणीतरी मागून म्हणालं, होडी आली तर सांगडीवर कोण बसणार, म्हणून त्यानंच काही केलं असेल. ते बोलणं वाळलेल्या गवतासारखं पेटलं. मी तिथं तीन हातांवर उभी होते. एक शब्द बोलायचा होता. तो बोलले असते तर लग्न मोडलं ते मोडलंच होतं. फार तर अप्पांनी मला मारलं असतं. मी गप्प राहिले. घरच्यांनी माझ्याशी जे केलं त्याचं नाव मला त्या दिवशी नीट कळलं, कारण तेच मी त्याच्याशी केलं.

पाहुणे न जेवता गेले. पाण्याचा ठेकेदार अप्पांच्या ओळखीचा होता. आठ दिवसांत इमामचाचाची सांगड आणि जाळं बंद झालं. तो उमरग्याला लेकीकडं गेला. जाताना आमच्या दारावरूनच गेला, भोपळे पाठीला बांधून. मी आत होते. होडीच्या फळ्या पुढं दुकानाला फडताळं करायला कामी आल्या. बुडत्या होडीची नवरी म्हणून माझं लग्न लवकर जमेना, तेव्हा अण्णानं हट्ट धरला आणि मला सोलापूरला शाळेत घातलं. त्यानं आपलं देणं फेडलं असं त्याला वाटलं असावं. मी मास्तरीण झाले. अठ्ठावीस वर्षं मुलींना शिकवलं. निरोपाच्या दिवशी लोक म्हणाले, बाईंनी स्वतःच्या हिमतीवर आयुष्य घडवलं. मी हार घालून घेतला आणि खाली बसले.

अण्णाशी मी बोलत राहिले, राखी बांधत राहिले, पण माळ्यावरचं ते बोलणं आमच्यात परत झालं नाही. तो गेला तेव्हा त्याच्या पुस्तकांत ते होड्यांचं पुस्तक निघालं. चौथ्या होडीचं पान दुमडलेलं होतं.

उमरग्याला मी गेले, फार उशिरा, नोकरी संपल्यावर. विचारत विचारत घर सापडलं. चाचा केव्हाच गेला होता. त्याची लेक, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, दारात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, मी नळदुर्गची, सुपारीवाल्यांची गंगा. माफी मागायची म्हणून सगळी वाक्यं मी बसमधे जुळवून आणली होती. तिनं चष्मा वर केला आणि एकदम हसली. "तू गंगूबेटी व्हय? ये, बस. अब्बा तुझं नाव लई काढायचे." मी विचारलं, "काय म्हणायचे?"

"दुसरं काय न्हाय," ती म्हणाली, "एवढंच. नळदुर्गच्या गंगूबेटीच्या हाताला लई गुण, तिनं पाणी घातलेल्या शेवग्यासारखा शेवगा अख्ख्या मुलखात न्हाय."

जुळवून नेलेल्या वाक्यांतलं एकही मला तिथं बोलता आलं नाही. तिनं चहा ठेवला. मी तो प्याले आणि परत आले.